पाहुण्याने घरची भाषा शिकावी

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून अलीकडे एक बातमी वरचेवर कानी येते. कुणाचा नातू, कुणाची पुतणी एका सत्रापुरती युरोपातील विद्यापीठात निघालेली असते. पूर्वीच्या विलायतयात्रेहून हा प्रकार निराळा आहे. विद्यार्थ्याचे नाव आपल्याच विद्यापीठात राहते, फीही बहुधा येथेच भरावयाची असते. तेथे कोणते विषय घ्यावयाचे हे निघण्यापूर्वीच लेखी ठरते आणि परत आल्यावर तेथील अभ्यास येथील पदवीत धरला जातो. युरोपीय मोजणीत एका सत्राचा पुरा अभ्यास म्हणजे 30 क्रेडिट. शिष्ट भाषेत यास विद्यार्थी-विनिमय म्हणतात. घरोघरी मात्र ‘एक्सचेंज’ हाच शब्द रुळला आहे.

असे एक सत्र मी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे काढले असल्यामुळे पालक माझ्याकडे चौकशीस येतात. थंडीचे कपडे किती न्यावेत, शाकाहारी माणसाचे कसे निभावते, खोलीचे भाडे किती पडते, हे प्रश्न रास्तच आहेत. त्यांच्यामागून एक प्रश्न हटकून येतो: “शिकवणे सगळे इंग्रजीतच आहे ना? मग चार-पाच महिन्यांसाठी इटालियनची डोकेफोड कशाला?” या प्रश्नाचे उत्तर चारचौघांत द्यावे, असे मला वाटते. कारण तो जितका इटालियनविषयी आहे, तितकाच आपल्याविषयीही आहे.

लुगानोत इटालियन बोलतात, पण लुगानो इटलीत नाही. स्वित्झर्लंडच्या 26 कॅंटनांपैकी, म्हणजे घटकराज्यांपैकी, तिचीनो नावाच्या कॅंटनातील ते सर्वांत मोठे शहर. या देशात जर्मन भाषकांचे प्रमाण शेकडा 60 हून अधिक, फ्रेंच भाषकांचे 20 हून अधिक आणि इटालियन भाषकांचे अवघे 8 च्या आसपास. आल्प्सच्या दक्षिण उतारावरचा हा मुलूख सोळाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे तीन शतके उत्तरेकडील कॅंटनांच्या अंमलाखाली होता. त्यांनी पाठविलेले अधिकारी येत, कारभार करीत आणि परत जात. 1803 साली तिचीनो बरोबरीच्या हक्काचे कॅंटन झाले आणि 1848 च्या राज्यघटनेने जर्मन व फ्रेंच यांच्या जोडीस इटालियनलाही राष्ट्रभाषेचे स्थान दिले. त्याच वर्षी निवडलेल्या पहिल्या सात संघमंत्र्यांत तिचीनोचे स्तेफानो फ्रान्शीनी होते. सामान्य माणसाच्या मुलाला शाळा मिळावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी हे एक.

मात्र घटनेत नाव आले म्हणजे भाषा जगली असे होत नाही. उच्च शिक्षणासाठी तिचीनोच्या मुलांना 1996 पर्यंत घर सोडावे लागे. झुरिचला जावे तर जर्मन, जिनीव्हास जावे तर फ्रेंच, आणि आपल्या भाषेत शिकावयाचे तर सीमा ओलांडून इटलीत मिलान किंवा पाविया गाठावयाचे. 1986 साली विद्यापीठीय केंद्राची एक योजना पुढे आली, तेव्हा कॅंटनच्या मतदारांनीच ती फेटाळली. एवढ्याशा मुलखाला हा खर्च कसा पेलणार, असे म्हणणारे सर्वत्र असतातच. तरीही विषय सोडून न देता पुढच्या दहा वर्षांत त्यांनी नवी मांडणी केली आणि 1996 साली विद्यापीठ उभे राहिले. लुगानोत अर्थशास्त्र व संज्ञापन आणि जवळच्या मेंद्रिझियो गावी वास्तुशास्त्र अशी त्याची सुरुवात झाली. वास्तुशास्त्राच्या शाखेमागे मारिओ बोत्ता हे तिचीनोचेच विख्यात वास्तुविशारद होते. विद्यापीठाने आपल्या नावातच ‘इटालियन स्वित्झर्लंड’ हे शब्द घातले.

असे हे विद्यापीठ. आज तेथे जगभरचे विद्यार्थी येतात आणि त्यांच्या सोयीसाठी कित्येक वर्ग इंग्रजीतून चालतात. यात त्यांचा दोष नाही. लहान मुलखाच्या विद्यापीठाला बाहेरच्या विद्यार्थ्यांवाचून चालत नाही. परंतु जी भाषा जपण्यासाठी दार बांधले, त्या दारातून आत येणारा पाहुणा तिचा एक शब्दही न शिकता परत जावा, ही गोष्ट मनाला लागते. आपल्या मुलांनी त्या पाहुण्यांत जमा होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी इंग्रजीवर विद्यापीठाचे दार उघडते, शहराचे उघडत नाही. तिचीनोत रोज 70 हजारांहून अधिक माणसे इटलीतून सकाळी कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. दुकानाच्या गल्ल्यावर, बांधकामावर, रुग्णालयात हीच माणसे भेटतात. स्टेशन टेकडीवर आणि जुने गाव खाली, असे त्या शहराचे रूप आहे. वरून खाली नेणाऱ्या दोराच्या छोट्या गाडीत कानांवर पडते ते इटालियनच. पहिले तीन आठवडे मला त्या गाडीत केवळ आवाज ऐकू येत. नंतर त्यांतून शब्द सुटे होऊ लागले, मग वाक्ये, आणि मग भाडेवाढीची तक्रार, सुनेची कागाळी, पावसाचे भाकीत. बडोद्याच्या कोणत्याही ओट्यावर ऐकू यावे तेच! त्या दिवसापासून ते शहर मला परके राहिले नाही.

मराठी माणसास ही भाषा फार जड जाते असेही नाही. समवयस्क मित्राला ते ‘तू’ म्हणतात, अगदी आपल्यासारखेच. वडीलधाऱ्यांसाठी आणि अनोळखी माणसांसाठी ‘लेई’, म्हणजे आपले ‘आपण’. इंग्रजीत हा भेद उरलेला नाही. माझ्या घरमालकीण बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदा ‘लेई’ म्हणून चार वाक्ये जुळवली, तेव्हा त्यांनी चहाचे भांडे खाली ठेवले आणि त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करीत माझ्याशी बोलू लागल्या. त्यांची इंग्रजी आणि माझी इंग्रजी यांच्या भेटीत हे कधीच घडले नव्हते.

तेथील इटालियनचा आणखी एक विशेष आपल्या ओळखीचा निघेल. शेजारच्या जर्मनचा तिला वास आहे. दुकानात भाव उतरवल्याची पाटी असते तीवर ‘आत्सिओने’ लिहिलेले असते. इटलीतला माणूस हा शब्द या अर्थी वापरीत नाही, तो जर्मन ‘आक्त्सिओन’वरून आलेला आहे. मोबाइलला जुनी माणसे ‘नाटेल’ म्हणतात, तोही जर्मनमधील एका लांबलचक नावाचा संक्षेप. मिलानचा पाहुणा हे ऐकून हसतो. पुण्याचा पाहुणा आपल्या बोलीतला गुजराती शब्द ऐकून हसतो, तसाच. लुगानोची माणसे त्या हसण्याने ओशाळत नाहीत आणि त्यांची शाळा, त्यांचे वृत्तपत्र, त्यांची नभोवाणी इटालियनच राहते. शब्द उसने घ्यावेत, भाषा गहाण टाकू नये, हा धडा मला कोणत्याही वर्गात मिळाला नसता.

आता आपल्याकडे वळू. विद्यार्थ्यास परदेशी पाठविण्याची परंपरा या नगरीला नवी नाही. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते परतून 1917 साली बडोद्यात आले, तेव्हा याच शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, हेही आपण विसरता कामा नये. ज्या महाराजांची मातृभाषा मराठी, त्यांनी 1906 साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले ते बहुसंख्य प्रजेसाठी गुजरातीतून. आपल्या पणजोबांनी गुजराती आत्मसात केली म्हणून हे शहर आपले झाले. घरात मराठी ठेवली म्हणून आपण आपले राहिलो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात, याचा पुरावा आपण स्वतःच आहोत.

म्हणून विनिमय या शब्दाकडे पालकांनी नीट पाहावे. त्यात घेणे आहे तसे देणेही आहे. लुगानोत मला विचारले गेले: “तुम्ही घरी काय बोलता? ते लिहिता कसे? आम्हांला लिहून दाखवा.” लहान भाषेच्या माणसांना दुसऱ्या लहान घराविषयी हे कुतूहल असतेच. आपल्या किती मुलांना हे लिहून दाखवता येईल? मराठी बोलणारी पण न वाचणारी पिढी आपल्या घरांत वाढते आहे, हे आपल्या वाचनालयांच्या कपाटांवरील धूळ सांगते. अशा मुलाने परदेशात देण्यासाठी न्यावे तरी काय?

तेव्हा ज्यांचे जाणे ठरले असेल त्यांनी निघण्यापूर्वी दोन महिने इटालियनचा आरंभ करावा, रोज अर्धा तास पुरे. तेथे पोचल्यावर परक्या विद्यार्थ्यांसाठी भाषेचा वर्ग असेल तर तो चुकवू नये. आणि आठवड्यातून एकदा आजी-आजोबांना मराठीत, देवनागरीत, पानभर पत्र लिहावे. आजी-आजोबांनीही त्याचे उत्तर मराठीतच धाडावे, फोनवर बोलणे झाले म्हणून टाळू नये. पाहुण्याने यजमानाची भाषा शिकावी आणि आपली सोबत न्यावी, हा या शहरातील आपल्या वस्तीचा जुना रिवाज आहे. पुढच्या पिढीने तो आल्प्सपलीकडेही पाळावा.