कोंबडीच्या खाद्यातील औषध आणि आमचे व्यापारी

नायगाव, देगलूर, उदगीर या पट्ट्यातील आमचे अनेक बांधव चिकनच्या धंद्यात आहेत. कापडाचे ठाण घेताना रंग पक्का आहे की कच्चा, हे आम्ही व्यापारी दहा वेळा विचारतो. मात्र कोंबडी घेताना तिला काय चारले, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न आता विचारला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ब्रॉयलर कोंबडी लवकर वजनावर यावी म्हणून निरोगी पक्ष्यांनाही खाद्यातून थोडे थोडे अँटिबायोटिक देण्याची पद्धत पडली. त्यामुळे कमजोर जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. एका मागावरची नक्षी दुसऱ्या मागावाल्याने उतरवून घ्यावी, तसा एक जंतू आपली ही ताकद दुसऱ्याला देतो. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालते. कोंबडीच्या आतड्यातील जंतूची ताकद अशा रीतीने माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूत येऊ शकते.

कोलिस्टिनचे उदाहरण घ्या. इतर औषधे हरली की डॉक्टर जी मोजकी औषधे काढतात, त्यांपैकी हे एक. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की कोलिस्टिनला हरवणारे आणि एका जंतूतून दुसऱ्यात जाणारे जनुक डुकरांत, बाजारातील मांसात व रुग्णांतही सापडले. चीनने २०१७ मध्ये खाद्यातील कोलिस्टिन थांबविले आणि पुढील काही वर्षांतच असे जंतू जनावरांत व माणसांतही कमी झाले. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता व कोंबड्यांकरिता त्याचे उत्पादन, विक्री व वाटप बंद केले. बंदीचा उपयोग होतो, हे यातून सिद्ध होते. पण बंदी एका औषधावर आली म्हणून बाकीची औषधे निरोगी कोंबडीला चारावीत, असा त्याचा अर्थ नव्हे.

काही बांधव म्हणतील, औषध बंद केले तर कोंबड्या मरतील, धंदा बुडेल. आजारी पक्ष्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध द्यावे, त्याला कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती वजनासाठी रोज चारण्याला. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून असे चारणे बंद केले, तरी तिथला कोंबडीचा व्यापार चालूच आहे. दुसरे काही म्हणतील, विक्रीपूर्वी काही दिवस औषध थांबविले की झाले. त्याने मांसातील औषधाचा अंश जातो, हे खरे. पण रंग उतरला तरी वीण राहते, तसे जंतू राहतात.

कराराने कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला पिल्ले, खाद्य व औषध कंपनीच देते. म्हणून एकट्या शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. आमच्या चिकन विक्रेत्यांनी एकत्र येऊन पुरवठादाराकडे लेखी हमी मागावी की वजनासाठी अँटिबायोटिक चारलेले नाही. एकट्याचे कोणी ऐकणार नाही. बाजारातील सर्वांनी मागितली तर ऐकावेच लागेल. सल्ल्यासाठी उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. दुकानात सुरा, ठोकळा व हात साबणाने धुवावेत; कच्चे मांस भाजीपासून वेगळे ठेवावे; गिऱ्हाइकाला ते पूर्ण शिजवून खाण्यास सांगावे.

हलालबरोबर तय्यब, म्हणजे स्वच्छ व निर्दोष, हीही अट आपल्यावर आहे. गिऱ्हाईक आपल्या विश्वासावर माल नेते. त्या विश्वासाला तडा जाण्यापूर्वीच आमच्या बांधवांनी हे काम हाती घ्यावे.