नोटिशीवरचे कलम आधी वाचा

गेल्या महिन्यात एक लोणचे उत्पादक सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे आले. प्रश्न एकच : "उद्या साहेबांना काय सांगू?" नोटीस पाहिली. कलम ३२ खालची सुधारणा नोटीस. मुदत उलटून सतरा दिवस झालेले, लेखी खुलासा दिलेलाच नाही. फरशी, नाली, जाळ्या मात्र सगळे काम केव्हाच उरकले होते. ते कुणाला कळवायचे असते, हेच त्यांच्या गावी नव्हते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालच्या सगळ्याच तारखांना आपण सरसकट 'सुनावणी' म्हणतो आणि तिथेच फसतो. कलम ३२ ची सुनावणी परवान्याची. समोर पदनिर्देशित अधिकारी, आणि विचारणा एवढीच, की त्रुटी दूर झाली का? तिथे वकिलाच्या युक्तिवादापेक्षा तारीख असलेला फोटो आणि गवंड्याचे बिल जास्त बोलते. कलम ६८ ची सुनावणी दंडाची, न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढची. तिथे कलम ४९ लागते : फायदा किती झाला, कुणाचे नुकसान झाले का, चूक पुन्हापुन्हा घडली का, जाणूनबुजून झाली का. नव्या फरशीचे फोटो इथे फारसे उपयोगी नाहीत. जुने स्वच्छ तपासणी अहवाल आणि बाजारातून परत घेतलेल्या बॅचचा हिशेब ठेवा.

नमुन्याचे प्रकरण असेल, तर खरी लढाई आधीच होऊन गेलेली असते. अन्न विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध अपील करायला ३० दिवस मिळतात. ते दिवस अहवाल कपाटात ठेवून घालवले, की पुढे सुनावणीत "लॅबच चुकली" म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे.

आणि नोंदी. बारा महिन्यांचे कीड नियंत्रणाचे रजिस्टर एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले अधिकाऱ्याला पहिल्या पानावर कळते. त्यापेक्षा दोन महिने कोरे असलेले खरे रजिस्टर बरे.

दोष एकट्या उत्पादकांचा नाही. स्वच्छतेच्या अटींबाबत "शेड्यूल ४ चे पालन नाही" एवढ्या एका ओळीवर नोटिसा निघतात. नेमके काय चुकले आणि काय करायचे, हे नोटिशीत लिहिणे कायद्यानेच बंधनकारक आहे. मोघम नोटीस आली, तर तपशील लेखी मागा आणि पोच घ्या. पण घड्याळ थांबले असे समजू नका : सुधारणा नोटिशीविरुद्ध अन्न सुरक्षा आयुक्तांकडे जायची मुदत १५ दिवस किंवा नोटिशीत दिलेला काळ, यांतले जे आधी संपेल ते.

लोणचेवाल्यांचा परवाना निलंबित झाला. आदेश हातात पडल्यापासून त्यांनाही अपिलाला १५ दिवसच होते. या वेळी ते तिसऱ्या दिवशी आले, बिलांची फाइल घेऊन.