ओटीपी सांगण्याआधी

“तुम्ही तिघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्यात की टॅक्सचं काम एकदम सोपं होईल.”

डिसेंबर 2024 मध्ये मिरजेतल्या आमच्या घरी बसून हे वाक्य बोलणारे गृहस्थ वाईट माणूस नव्हते. अब्बांच्या दुकानाचं रिटर्न ते कित्येक वर्षं भरत होते. अब्बा गेल्यावर अम्मीची बँकेची कागदपत्रं त्यांनीच मार्गी लावली. आता घर विकायचं ठरलं होतं आणि भाव 64 लाखांवर आला होता. तिघी म्हणजे अम्मी, सोलापूरला दिलेली आपा आणि पुण्यात नोकरी करणारी मी. आम्ही आपापला हक्क भाईजानच्या नावे सोडायचा, मग विकणारा एकच, पॅन एकच, रिटर्न एकच. भाईजान सांगलीत फ्लॅट घेणारच होता. राहतं घर विकून आलेला नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर त्यावर कर लागत नाही, म्हणून सगळा कर शून्य. “पुढचं काय ते तुम्ही भावंडं घरात बघून घ्या,” ते म्हणाले.

अम्मीने मान डोलावली. फोनवर आपा म्हणाली, “भाईजान म्हणेल तसं.” मी गप्प बसले. कारण मला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही हे कबूल करायची लाज वाटत होती. सहा वर्षं मी माझं रिटर्न स्वतः भरते. ऑफिसातल्या चारपाच जणांचंही भरून देते. घरात “तिला टॅक्समधलं कळतं” अशी माझी ख्याती आहे.

त्या रात्री मी एक्सेल उघडून बसले. अब्बांनी हे घर 1987 मध्ये 1 लाख 60 हजारांना घेतलं होतं. माझ्या हिश्श्याची विक्री किंमत, त्यातून माझ्या हिश्श्याची जुनी खरेदी किंमत वजा, उरलेल्यावर 12.5 टक्के आणि सेस. उत्तर आलं, 1 लाख 77 हजार. आकडा बघून मलाही वाटलं, त्या गृहस्थांचं ऐकलेलं बरं.

दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणीच्या ओळखीने एका सीए बाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कराबद्दल नव्हताच. “वारस किती आणि कोण?” मी सांगितलं. त्यांनी कागदावर मांडलं. आमच्या वैयक्तिक कायद्यानुसार माणूस गेला की त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो आणि तो त्याचा स्वतःचा असतो. पत्नीला आठवा भाग. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे 64 लाखांतले अम्मीचे 8, भाईजानचे 28, आपाचे 14, माझे 14. मुलीला मुलाच्या निम्मं का, हा वेगळा वाद आहे आणि तो आपण घातलाच पाहिजे. इथे मात्र तो निम्मा वाटाही चालला होता.

मग त्यांनी माझं एक्सेल बघितलं. बेरीज-वजाबाकी बरोबर होती, नियम चुकले होते. 2001 च्या आधी घेतलेल्या घराची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव धरता येतो. फक्त तो त्या दिवशीच्या सरकारी मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त असता कामा नये. नोंदणीकृत मूल्यांककाने आमच्या घराचा तो भाव 10 लाख काढला. दुसरं म्हणजे, 23 जुलै 2024 नंतर जमीन-घराच्या दीर्घकालीन नफ्यावर महागाईचा हिशेब न धरता 12.5 टक्के कर लागतो हे मी वाचलं होतं. पण मालमत्ता त्या तारखेच्या आधीची असेल, तर इथल्या रहिवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा जुना हिशेबही करता येतो आणि दोन्हींपैकी जो कर कमी तोच भरावा लागतो. त्या वर्षीचा निर्देशांक 363, म्हणजे 10 लाखांचे 36 लाख 30 हजार झाले. घराचा मूळ खरेदीदार अब्बा, मग निर्देशांक आमच्या नावावर आल्यापासून धरायचा की अब्बांच्या काळापासून? याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2011 च्या एका निकालात आहे. ते मला शंभर व्हिडिओ बघूनही सापडलं नसतं.

नव्या हिशेबाने माझा कर 1 लाख 26 हजार झाला. अम्मी आणि आपाला दुसरं उत्पन्न जवळपास नाही, त्यामुळे मूळ 3 लाखांची करमुक्त मर्यादा त्यांच्या नफ्यातून वजा झाली. अम्मीचा कर दहा हजारांच्या आसपास, आपाचा 64 हजारांच्या आसपास. तिघींचा मिळून सुमारे 2 लाख. भाईजान स्वतःच्या 28 लाखांतून फ्लॅट घेणार, त्यामुळे त्याचा कर तसाही शून्यच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे सह्या करून तुमच्या घराचे 2 लाख वाचले असते. त्यासाठी तुम्ही तिघी 36 लाख सोडणार होतात.”

मी तो कागद घेऊन मिरजेला गेले आणि भाईजानसमोर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. “मला हे असं मांडून कुणी दाखवलंच नाही,” तो म्हणाला. मला ते खरं वाटलं. अब्बांच्या आजारपणात आणि नंतरही अम्मीचं सगळं त्यानेच केलं आहे. त्याला कुणाचं काही हडपायचं नव्हतं. फ्लॅटसाठी कमी पडलेली रक्कम त्याने कर्ज काढून उभी केली. जानेवारी 2025 मध्ये खरेदीखत झालं, विकणारे चौघे. व्यवहार 50 लाखांच्या वरचा, म्हणून खरेदीदाराला 1 टक्का टीडीएस कापावा लागतो. तो प्रत्येक विकणाऱ्याच्या पॅनवर वेगळा फॉर्म भरून जमा करायचा असतो. एकच फॉर्म भरला असता तर 64 हजार भाईजानच्या नावावर दिसले असते आणि माझ्या रिटर्नमध्ये माझे 14 हजार मी शोधत बसले असते. 15 मार्चच्या आत मी अग्रिम करही भरला. चौघांचं काम करायचे बाईंनी 15 हजार घेतले. माझ्या एकटीच्या हिशेबातली चूक 51 हजारांची होती.

हे सगळं सांगून मला “सीएकडे जा” एवढंच म्हणायचं नाही. ते गृहस्थसुद्धा आमच्या दृष्टीने जाणकारच होते. माझं म्हणणं असं आहे की काम दुसऱ्याकडे द्यावं, पण निर्णय देऊ नये. आणि काम कुठलं द्यायचं हे ओळखता येण्याइतकं शिक्षण प्रत्येकाने स्वतः घ्यावं.

पगार, एखादं घर आणि बँकेचं व्याज एवढंच उत्पन्न असेल तर रिटर्न स्वतः भरा. फॉर्म 16, 26एएस आणि एआयएस शेजारी ठेवून आकडे जुळवायचे, इतकंच ते काम. सरकारी पोर्टल फुकट आहे, बरीच माहिती आधीच भरलेली असते. पहिल्या वर्षी एक संध्याकाळ जाईल, पुढच्या वर्षी अर्धा तास. यासाठी कुणाला पैसे देण्यापेक्षा आपल्या पगाराचं काय होतं हे कळणं जास्त मोलाचं.

घर-जमीन विकली, वारसा आला, शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स केले, धंदा सुरू केला, तर विचारायला जा. ऑप्शनमधला तोटा दाखवायचा नसतो असं समजणारी कितीतरी मुलं मला भेटतात. तो धंद्याचा तोटा असतो आणि रिटर्न मुदतीत भरलं तरच पुढच्या वर्षी वापरता येतो. कोकणातल्या आपल्या घरांमध्ये आखाताहून कायमचे परतलेले चाचा-मामू असतात. परत येऊन काही वर्षं झाली, रहिवासी झाले, आणि तिकडचं बँक खातं अजून चालू असेल, तर ते रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दंड 10 लाखांपर्यंत जाऊ शकतो. इथे स्वतः प्रयोग करू नका. आणि विचारायचं ते व्यवहाराच्या आधी. जुलैत गेलात तर सीए फक्त झालेलं लिहू शकतो.

काही गोष्टी खास आपल्या घरांतल्या. आमची अम्मी बचत खात्याचं व्याज वापरत नाही, गरजूला देऊन टाकते. त्यामुळे ते उत्पन्न नाहीच, असं तिला वाटायचं. कायद्याच्या दृष्टीने ते तिचंच उत्पन्न आहे, एआयएसमध्ये दिसतं आणि दाखवावंच लागतं. गल्लीतल्या विधवेच्या हातात दिलेली जकात सवाबाची असेल, करसवलतीची नाही. एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायासाठीच असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरही साधारणपणे सवलत मिळत नाही. आणि कर वाचवायला एचयूएफ काढा असं सांगणारे व्हिडिओ सोडून द्या. ती हिंदू अविभक्त कुटुंबाची तरतूद आहे, आपल्याला लागू नाही. सल्लागाराला हे माहीत असेलच असं गृहीत धरू नका, सांगा आणि विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिटर्न कुणीही भरो, खरेपणाची शपथ तुमच्या नावाने असते. आकडे खोटे निघाले तर नोटीस तुम्हाला येते. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या 50 टक्के दंड, खोटी माहिती दिली असेल तर 200 टक्के. 14 जुलै 2025 रोजी प्राप्तिकर विभागाने देशभरात 150 ठिकाणी तपासणी केली, ती खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देणाऱ्या दलालांवर. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी 1,045 कोटींचे चुकीचे दावे मागे घेतल्याचं विभागाने सांगितलं. परताव्याच्या टक्क्यांवर फी मागणारा, घरभाड्याची किंवा देणगीची पावती “मी बघतो” म्हणणारा दिसला की उठून या.

या सगळ्याची कडी एका फोनवर येते. “आधारचा ओटीपी आलाय ना, सांगा पटकन.” तो ओटीपी म्हणजे तुमची सही. रेशनकार्ड, पासपोर्ट, जन्मदाखला, आपल्या वस्तीत प्रत्येक कागदासाठी एक एजंट असतो. त्याची कारणं आहेत. ऑफिसात नाव ऐकून बदललेले चेहरे आपण पाहिलेत, कागदात एक अक्षर चुकलं तर काय होईल ही धास्ती आपल्या घराघरांत आहे. म्हणून कागद हातात आला की तो लगेच दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय लागते. पण ज्याला कागदाची भीती जास्त, त्याने तो जास्त नीट वाचला पाहिजे. आणि घरातल्या बायकांनी तर नक्कीच. आमच्या बाबतीत “काम सोपं करू” या तीन शब्दांत तीन बायकांचा हिस्सा जाणार होता, तेही कुणाच्या मनात वाईट नसताना.

1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे. कलमांचे क्रमांक बदलतात, दरही पुढे बदलत राहतील, म्हणून माझे आकडे पाठ करू नका. रिटर्नचा मसुदा मागवून घ्या, प्रत्येक ओळीपुढे “हे कुठून आलं?” विचारा आणि उत्तर समजेपर्यंत ओटीपी देऊ नका. चांगल्या सीएला या प्रश्नाचा राग येत नाही.

त्या वर्षी मुदत वाढून सप्टेंबरपर्यंत गेली होती. ऑगस्टमध्ये बाईंनी आपाला तिच्या रिटर्नचा मसुदा पाठवला. आयुष्यातलं तिचं पहिलं रिटर्न. रात्री तिचा मला फोन आला. मुलं झोपल्यावर कागद घेऊन बसली होती.

“विक्री किंमत 14 लाख लिहिलंय. ही ओळ माझीच ना?”

“तुझीच.”

“थांब मग,” ती म्हणाली, “पुढची पण वाचते.”