पदांपुरतें नाटक

‘नाट्यगीतांची मैफल’ या नांवानें हल्लीं जो प्रकार रूढ झाला आहे, त्याविरुद्ध आम्हांस कांहीं बोलावयाचें आहे. पांचसहा नाटकांतलीं पदें एकामागून एक म्हणावयाचीं, मध्यें निवेदकानें दोन आठवणी सांगावयाच्या, आणि श्रोत्यांनीं आपण संगीत नाटक अनुभवलें असें समजून घरीं जावयाचें! शेंद्र्यासारख्या कारखान्यांच्या वस्तींतून, दिवसभराचें काम आटोपून येणाऱ्या कुटुंबांस सबंध नाटक झेपणार नाहीं, असें याचें समर्थन केलें जातें. हें समर्थन प्रेक्षकांचा अपमान करणारें तर आहेच. पण संगीत नाटक म्हणजे काय, याविषयींचें अज्ञानहि त्यांत दिसतें.

‘संशयकल्लोळ’च घ्या. मोलियरचें ‘स्गानारेल’ हें प्रहसन १६६० मध्यें पॅरिसच्या रंगभूमीवर आलें. त्याच्या आधारें आर्थर मर्फीनें १७६१ मध्यें ‘ऑल इन द राँग’ हें इंग्रजी नाटक रचलें, आणि इंग्रजी राजवटीबरोबर तें आमच्या विद्वानांच्या हातीं पडलें. गोविंद बल्लाळ देवलांनीं त्यावरून प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक लिहिलें; त्यांतच पुढें पदें घालून ‘संशयकल्लोळ’ झालें व १९१६ मध्यें, म्हणजे देवल वारले त्याच वर्षीं, गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. पॅरिसांत व लंडनांत जें नुसतें बोललें गेलें, तें येथें गाऊं लागलें. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या! सबंध पंचांग रंगभूमीवर उतरविणाऱ्या या नाटकास जे उसना माल म्हणतात, त्यांची आम्हांस कींव येते.

पण हें नाटक चालतें कशावर? मूर्च्छा आलेल्या रेवतीस फाल्गुनराव सांवरतो, तें कृत्तिकेच्या दृष्टीस पडतें. अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हातीं येते, ती फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. येथून पुढचा सारा घोटाळा बोलण्यांतून वाढतो. बालगंधर्वांची रेवती गाण्यावर गाजली, गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला तो बोलण्यावर. मैफलींत या फाल्गुनरावास जागाच नाहीं.

फ्रेंचांच्या ‘ओपेरा-कॉमिक’ या प्रकाराचें लक्षण विनोद हें नव्हे, तर गद्य संभाषण व गायन यांनीं एकत्र नांदणें हें होय. या दृष्टीनें तो आमच्या संगीत नाटकाचा दूरचा आप्तच म्हणावा. बिझेची ‘कार्मेन’ शोकान्त असूनहि याच जातीची. १८७५ च्या मार्चमध्यें ती पॅरिसांत झाली, जूनमध्यें बिझे वारला, आणि त्याच वर्षीं व्हिएन्नाच्या प्रयोगाकरितां गिरो या त्याच्या मित्रानें तिच्यांतलीं संभाषणें काढून त्या जागीं गायिलेले संवाद घातले. परदेशांत ती पुष्कळ वर्षें याच वेषांत वावरली. मूळ संभाषणांकडे तिकडचे जाणकार पुन्हां वळले ते विसाव्या शतकांत. तरी तेथें गद्य गेलें, पण कथा शाबूत राहिली. आम्ही कथाहि टाकून दिली!

‘वन्समोअर’च्या आरोळ्यांनीं जुनीं नाटकें पहांटेपर्यंत लांबत, हा आक्षेप खरा आहे. मग ‘वन्समोअर’ बंद करा, पदें निम्मीं करा, आलाप आवरा. अडीच तासांत ‘संशयकल्लोळ’ खुशाल बसेल. त्याकरितां बोलतां येणारे नट हवेत, त्यांच्या तालमी हव्यात, आणि त्यास पैसा लागतो, हें खरें कारण चालकांनीं उघड सांगावें. प्रेक्षकांच्या थकव्याआड लपूं नये.

यापुढें मैफलीचें निमंत्रण आलें, तर आम्ही एकच विचारणार आहों: फाल्गुनराव कोण करणार?