सहाणेचे वेढे आणि पुडीतला चमचा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात चिकित्सालयात एक दृश्य दरवर्षी दिसते. रुग्ण स्त्री नाडी दाखवते, पथ्य लिहून घेते आणि उठता उठता पिशवीतील एकेक वस्तू टेबलावर मांडू लागते. बचत गटाच्या प्रदर्शनातून आणलेले उटणे, हाताने बनविलेला साबण, तांब्याची बाटली, काजळाची डबी. मग प्रश्न येतो : "डॉक्टर, हे सगळं नैसर्गिक आहे. वापरायला हरकत नाही ना?"

पूर्वी मी "वापरा" एवढेच म्हणून मोकळा होत असे. आता तसे म्हणवत नाही. याचे कारण सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. मात्र आरंभीच स्पष्ट करतो की मी या वस्तूंचा विरोधक नाही. उलट, माझे स्वतःचे घर अशाच वस्तूंनी भरलेले आहे आणि त्यांतील काहींचा मला अभिमान वाटतो.

पहिली वस्तू सहाण. आजीकडून आईकडे व आईकडून आमच्याकडे आलेली ही साधी दगडी सहाण आजही माझ्या टेबलावर असते. हिच्याइतके हुशार मापनयंत्र मी दुसरे पाहिलेले नाही. हळकुंड, वेखंड किंवा मुरुडशेंग चार थेंब पाण्यात घासली असता एका वेढ्यात अत्यल्प द्रव्य उतरते. मात्रा वाढवायची तर हाताला श्रम पडतात. त्यामुळे अतिमात्रा सहसा घडतच नाही. शिवाय उगाळणाऱ्या स्त्रीच्या हातात अखंड द्रव्य असते. वेखंडाचा उग्र गंध, मुरुडशेंगेचा पीळ, जायफळाच्या कापावरील शिरांची नक्षी या साऱ्यांनी द्रव्याची ओळख पटते. चूर्णात भेसळ लपते, अखंड मुळीत ती लपविणे अवघड.

दुसरी वस्तू कोकमतेल. कोकणात यास मुठेल असेही म्हणतात. कोकमाची फळे फोडून साल आमसुलांसाठी घेतली की उरलेल्या बिया वाळवतात, फोडून आतील गर कुटतात व पाण्यात उकळतात. वर तरंगणारा स्नेह काढून घेऊन निवल्यावर हातानेच त्याचे गोळे वळतात. टाकाऊ ठरणाऱ्या बीमधून काढलेला हा स्नेह सामान्य तापमानाला घट्ट राहतो आणि किंचित उष्णता मिळताच वितळतो. हेमंतात टाचांना भेगा पडलेल्या रुग्णांना मी तो रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून लावण्यास सांगतो. पाददारीवर इतका स्वस्त आणि सहज मिळणारा उपाय क्वचितच सापडेल.

तिसरी वस्तू घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर कातून हातमागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली ही घोंगडी नवी असताना अंगाला बोचते, पुढे वापराने मऊ होते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात अग्नीविना होणारे दहा स्वेद सांगितले आहेत, त्यांत गुरुप्रावरण म्हणजे जड पांघरूण हा एक आहे. त्याचे इतके उत्तम घरगुती उदाहरण दुसरे नाही. थंडीत आखडणाऱ्या वातप्रधान वृद्धांना मी ती आवर्जून सुचवितो.

चौथी वस्तू पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडविलेला तांब्या. तेथील कारागीर भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत मठारकाम करतात. ते केवळ शोभेचे नसते, त्या ठोक्यांनी मऊ तांबे कठीण होते आणि भांडे सहजी चेपत नाही. रात्रभर त्यात ठेवलेले पाणी सकाळी पिणे ही आमच्या घरची जुनी रीत आहे.

इतके प्रेम असताना वैद्याने सावध का व्हावे? त्याचे उत्तर माझ्याच एका चुकीत आहे.

सुमारे दहा वर्षांपूर्वी मी प्रतीक्षाकक्षात एक काचेचे कपाट ठेवले होते. परिसरातील स्त्रियांनी बनविलेली उटणी, दंतमंजने, केश्यतेले त्यात असत. त्यांची विक्री व्हावी, त्यांना चार पैसे मिळावेत, हा हेतू. चिकित्सालयालाही त्यातून अल्प लाभ होई, हेही लपविण्याचे कारण नाही. त्या कपाटात बाळगुटीच्या तयार चूर्णाची एक पुडी होती. ती बनविणारीचे घर मी पाहिले होते. स्वच्छता चोख होती, द्रव्ये उत्तम होती. पुडीवर लिहिले होते : पाव चमचा, दिवसातून दोनदा.

एके दिवशी दुपारी एक आजी चार महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळ ग्लानीत होते. सकाळपासून त्याने स्तनपान केले नव्हते, उचलले तरी मान सावरत नव्हते. दोन दिवस ते रडत होते म्हणून त्याला गुटी दिली होती, आणि पाव चमच्याने भागत नाही म्हणून आजींनी अर्धा चमचा केला होता. मी पुडी हुंगली. जायफळाचा गंध इतर सर्व द्रव्यांवर मात करीत होता. बाळाला तत्काळ बालरुग्णालयात पाठविले. दोन रात्री तेथे काढून ते सुखरूप घरी आले. निघताना आजी मला एवढेच म्हणाल्या, "तुमच्याकडून घेतलेलं होतं, म्हणून निःशंक होते."

त्या वाक्याने मला जे शिकविले ते कोणत्याही परिसंवादाने शिकविले नव्हते. सहाणेवर त्या बाळाला जायफळाचा एखादाच वेढा मिळाला असता. अर्धा चमचा चूर्ण होईल इतके द्रव्य सहाणेवर उगाळण्याचे धैर्य कोणत्याच आजीने केले नसते. पुडीत द्रव्य तेच होते. पण सहाणेने बांधून दिलेली मात्रा सुटली होती. शिवाय कोणते द्रव्य कोणत्या तक्रारीसाठी, किती वेढे आणि केव्हा थांबावे, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे जात असे. पुडीवर त्याला जागा नव्हती. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात कोणत्या बालकास लेहन द्यावे याबरोबरच कोणास देऊ नये, याचीही सविस्तर गणना आहे. पुडीवर ती असणे दूरच, ती विकणाऱ्या मला तरी त्या क्षणी तिची आठवण होती काय? पहिले सहा महिने बाळाला मातेच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मीही आता पालकांना तेच सांगतो.

माझे म्हणणे येथून सुरू होते. पारंपरिक घरगुती वस्तू म्हणजे द्रव्य आणि त्याच्याशी जोडलेले ज्ञान यांचा संयोग असतो. प्रदर्शनाच्या टेबलावर द्रव्य येते, ज्ञान मागे घरातच राहते. त्या रिकाम्या जागेत 'नैसर्गिक' हा एकच शब्द चिकटविला जातो. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की गुराखी आणि मेंढपाळही वनस्पतींना नावारूपाने ओळखतात, पण केवळ तेवढ्याने त्यांचा उपयोग समजत नाही. न जाणलेले औषध विषासारखे, जाणलेले अमृतासारखे. पुढे सव्विसाव्या अध्यायात जगातील कोणतेही द्रव्य औषध नाही असे नाही, हे सांगताना युक्ती आणि प्रयोजन यांची अट घातलेली आहे. आपण त्या विधानाचा पूर्वार्ध व्याख्यानांत सांगतो आणि अट विसरतो.

ही अट विसरल्याने काय होते याची आणखी तीन उदाहरणे नित्य आपल्यासमोर येतात.

पहिले काजळ-सुरम्याचे. दिनचर्येत सौवीरांजन सांगितले आहे हे खरे. पण सौवीरांजन म्हणजे अँटिमनीचे खनिज मानले, तरी बाजारात सुरमा म्हणून मिळणारे चकचकीत काळे खनिज पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असते. शिसे बालकाच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे आणि त्याची बाधा दीर्घकाळ कोणतेही ठळक लक्षण न दाखविता वाढते. डबीवर 'हस्तनिर्मित' लिहिल्याने शिशाचा गुण बदलत नाही. येथे दोष ग्रंथाचा नाही. रूपज्ञानाचा अभाव आहे.

दुसरे मशेरीचे. ग्रामीण भागातील असंख्य स्त्रिया आजही भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने दात घासतात. ती घरीच भाजली जाते, तिच्यात कोणतेही कृत्रिम द्रव्य नसते. अशा अर्थाने ती शंभर टक्के नैसर्गिक आहे. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजने व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास मनाई केली, पण चुलीवरच्या तव्याला ती मनाई कशी पोहोचणार? तेथे पोहोचू शकतो तो वैद्यच. खदिर, करंज, अर्जुन यांची दंतधावने सांगणाऱ्या शास्त्राचे आपण उपासक. रुग्ण स्त्रीला "दात कशाने घासता?" हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात?

तिसरे माझ्या आवडत्या तांब्याचेच. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवावे. ताक, लिंबूसरबत, चिंचेचे सार ठेवू नये. आंबट पदार्थात तांबे विरघळते आणि मळमळ, उलटी उत्पन्न करते. जुन्या घरांत हे कोणी समजावून सांगत नसे, कारण कल्हईशिवाय पितळी वा तांब्याच्या पातेल्यात आमटी शिजतच नसे. कल्हईवाला आला की भांडी बाहेर येत. भाता, नवसागराचा धूर, कथलाचा लख्ख मुलामा हा सारा सोहळा मुलांसाठी गंमत आणि गृहिणीसाठी दक्षता होता. आज भांडी परत आली आहेत. कल्हईवाला मात्र शोधावा लागतो. तो मिळाला तर तो शुद्ध कथील वापरतो की शिसे मिसळलेले, हेही विचारावे लागते. ज्या घरी कल्हईची सोय नाही, त्या घरी तांब्याच्या भांड्यात स्वयंपाक करू नका, असे मी स्पष्ट सांगतो.

माझे एक ज्येष्ठ सहकारी या भूमिकेशी सहमत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की कारखान्यांच्या मालाला जाहिरातींचे बळ आहे. घरगुती उद्योग करणाऱ्या स्त्रीला आपल्या शब्दाशिवाय दुसरा आधार नाही. तिच्या उटण्यात आपण खोट काढत बसलो तर तिचा उद्योग बुडेल आणि लोक पुन्हा मोठ्या कंपन्यांकडे जातील. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. परंतु आपल्या शब्दाला जे मोल आहे ते आपण पारखून बोलतो या समजुतीमुळेच आहे. पारख सोडून दिलेला शब्द त्या स्त्रीलाही फार काळ उपयोगी पडणार नाही.

अनुभव सांगतो. बाळगुटीच्या प्रसंगानंतर मी कपाट काढून टाकले, पण उटणे करणाऱ्या एका भगिनीशी संपर्क ठेवला. तिला मी तीन गोष्टी करण्यास सांगितल्या. घटकद्रव्ये प्रमाणासह पाकिटावर लिहायची, बनविल्याचा महिना लिहायचा आणि कृत्रिम सुगंध वगळायचा. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी यांचा स्वतःचा मंद गंधच राहू द्यायचा. पहिल्या वर्षी तिचा खप घटला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लोकांना उग्र वासाची सवय होती. पुढे ज्यांच्या त्वचेला इतर उटण्यांनी कंड सुटे अशी गिऱ्हाइके तिच्याकडे टिकली. आज तिचा उद्योग लहान आहे, पण तिचे पाकीट हाती घेऊन मी कोणत्याही रुग्णास निःशंकपणे उत्तर देऊ शकतो.

या अनुभवावरून आपल्या संघटनेपुढे काही सूचना नम्रपणे मांडतो. एक, वैद्याने आवडीच्या वस्तू जरूर सांगाव्यात, पण ज्यात त्याचा आर्थिक लाभ आहे त्या सांगताना तो लाभही सांगावा. दोन, पोटात घेण्याची, डोळ्यांत घालण्याची आणि बालकांसाठीची वस्तू ही गृहोपयोगी वस्तू नसून औषध आहे असे धरून चालावे. विक्रीसाठी आयुर्वेदीय औषध बनविण्यास १९४० च्या औषधी व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार परवाना लागतो, हे बनविणाऱ्या भगिनींना समजावून द्यावे. तीन, प्रत्येक शिफारशीबरोबर एक छोटी चिठ्ठी द्यावी : द्रव्याचे नाव, ओळखण्याची खूण, मात्रा, काळ आणि कोणी वापरू नये. रिठ्याच्या पाण्याने रेशीम आणि लोकर उत्तम धुतली जाते, पण ते डोळ्यांत गेल्यास झोंबून दाह होतो. घोंगडी वातप्रधानास सुखावह, पण ज्याच्या त्वचेवर कंडू आहे त्याला ती त्रासदायक, आणि तिच्यावर निजून मणक्याचे सर्व विकार नाहीसे होतात ही केवळ विक्रेत्याची भाषा. एवढे लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात.

चार, आणि ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते : आपण या वस्तू घडविणाऱ्यांकडे जावे. कोकमतेल काढणारी, घोंगडी विणणारा, मठारकाम करणारा, कल्हई लावणारा यांच्याकडे जे ज्ञान आहे ते आपल्या निघंटूंत पूर्णपणे आलेले नाही. शाखांच्या मासिक सभांत व्याख्यानांबरोबर वर्षातून एकदा तरी अशा एखाद्या कारागिराला सन्मानाने बोलवावे आणि आपण ऐकावे.

परवा एक तरुण माता आली. तिने विचारले, "मुलगी आता वर्षाची झाली, सहाण घेऊ की तयार चूर्ण?" मी माझी सहाण तिच्यापुढे सरकविली, हळकुंडाचे दोन वेढे तिच्याकडून देवविले आणि सहाणेवर किती उतरले ते तिला बोटावर घेऊन पाहण्यास सांगितले. "एवढंच?" ती म्हणाली. तिला म्हटले, एवढेच पुरते.