स्वस्त ‘बायोडिझेल’ आणि गाडीमालकांवरचं कायद्याचं संकट

मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, मिरज, जालना, कुठेही जा, आपल्या समाजातली कितीतरी घरं गाडीच्या चाकावर चालतात. कुणाचा ट्रक आहे, कुणाचा टेम्पो, कुणी स्कूल व्हॅन चालवतं, कुणाचं गॅरेज आहे. त्यामुळे डिझेलचा भाव वाढला की त्याची झळ थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली होती. नंतर भाव थोडा उतरला, पण नव्वदीच्या आसपासच राहिला. भाड्याचे दर मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. अशा वेळी हायवेवरच्या एखाद्या ढाब्यामागे किंवा पत्र्याच्या शेडमध्ये कुणी सांगतं, "भाई, बायोडिझेल आहे, पंपापेक्षा बरंच स्वस्त, गाडीला काही होत नाही." रोजचा दोनशे-अडीचशे लिटर खर्च असणाऱ्या माणसाला हा मोह टाळणं सोपं नाही, हे आम्हालाही कळतं.

पण या स्वस्त तेलामागे काय आहे आणि पकडलं गेलं तर नुकसान कुणाचं होतं, हे आपल्या घरांमध्ये नीट बोललं जात नाही. म्हणून हा विषय.

बायोडिझेल म्हणजे काय आणि काय नाही

खरं बायोडिझेल ही वाईट गोष्ट नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. म्हणजे ही कल्पना इंजिनाइतकीच जुनी आहे. पण साधं खाद्यतेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असतं. ते नोझलमध्ये नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं आणि काजळी धरते. म्हणून तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढतात. उरतं ते बायोडिझेल. आपल्याकडे त्याच्या शुद्धतेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५६०७ हे मानक आहे.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट आहे. डिझेलच्या मानकातही ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायला मुभा आहे. म्हणजे सरकार या इंधनाच्या विरोधात नाही. उलट सरकारलाच ते हवं आहे.

अडचण दुसरीकडे आहे. रस्त्याच्या कडेला ‘बायोडिझेल’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं बायोडिझेल नसतंच. कारखान्यांसाठी आणलेलं बेस ऑइल, हलकं औद्योगिक तेल, सॉल्व्हंट, कधी रेशनचं रॉकेल अशी मिसळ असते. याचं मूळ कारण कराच्या रचनेत आहे. डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन मोठे कर बसतात. औद्योगिक वापराची बरीच तेलं जीएसटीत येतात आणि त्यांच्यावरचा कराचा बोजा कमी असतो. हा फरकच भेसळवाल्यांची कमाई आहे. गाडीमालकाला लिटरमागे चार पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण मोठा नफा वरच्या वर टँकरवाला घेऊन जातो.

कायदा कुठे कुठे लागतो

"आम्ही आमच्या गाडीत काहीही टाकू, सरकारचं काय जातं?" असं आपली मुलं म्हणतात. प्रत्यक्षात एका टाकीला चार-पाच कायदे येऊन चिकटतात.

पहिला, जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५. डिझेल आणि इतर पेट्रोलियम पदार्थ याच्याखाली येतात. २००५ च्या पेट्रोल-डिझेल पुरवठा आदेशात भेसळ आणि अनधिकृत विक्री हे गुन्हे आहेत. कलम ७ प्रमाणे शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि वर दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

दुसरा मुद्दा त्याच कायद्याच्या कलम ६-अ चा आहे, आणि आमच्या मते गाडीमालकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. जप्त मालच नाही, तो माल वाहून नेणारी गाडीसुद्धा जिल्हाधिकारी सरकारजमा करू शकतात. गाडी भाड्याने माल वाहणारी असेल तर जप्तीऐवजी मालाच्या बाजारभावापर्यंत दंड भरण्याचा पर्याय मालकाला मिळतो. पण तोवर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी, आणि फायनान्सचे हप्ते मात्र चालूच.

तिसरा, खुद्द बायोडिझेलचे नियम. केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने एप्रिल २०१९ मध्ये बायोडिझेल विक्रीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाहतुकीसाठी डिझेलमध्ये मिसळायच्या बायोडिझेलच्या विक्रीबद्दल आहेत. म्हणजे बायोडिझेलकडे ‘मिसळण्याचा पदार्थ’ म्हणून पाहिलं आहे. विक्रेत्याची राज्य सरकारकडे नोंदणी हवी आणि माल मानकाप्रमाणे हवा. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही उत्पादन, साठवणूक, पुरवठा आणि विक्री यासाठी स्वतंत्र धोरण आणलं, कारण अवैध विक्रीच्या तक्रारी वाढल्या होत्या. नोंदणीचा कागद नसलेला पंप म्हणजे अवैध पंप.

चौथा, पेट्रोलियम कायदा, १९३४. डिझेलच्या वर्गातलं इंधन एका जागी २५०० लिटरपेक्षा जास्त साठवायचं, किंवा एकच टाकी १००० लिटरपेक्षा मोठी ठेवायची, तर परवाना लागतो. आणि जे तेल जास्त ज्वालाग्राही असतं, त्याची मर्यादा याहून खूप कमी आहे. सॉल्व्हंट मिसळलेलं ‘बायोडिझेल’ नेमकं कुठल्या वर्गात बसतं, हे प्रयोगशाळा ठरवते, विकणारा नाही. वस्तीतल्या गोदामात असे ड्रम ठेवणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा जीव धोक्यात घालणं.

पाचवा, मोटार वाहन कायदा. गाडीत परवानगीशिवाय बदल केला, उदाहरणार्थ दुसरी टाकी बसवली, तेल गरम करायची नळी जोडली, मंजुरी नसलेलं सीएनजी किट टाकलं, तर कलम ५२ चा भंग होतो. मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड होऊ शकतो. धुराचं मानक मोडलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सही तीन महिने बाद होऊ शकतं.

रेशनच्या रॉकेलची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. ते निळं असतं ते ओळखू यावं म्हणूनच. १९९३ च्या आदेशाप्रमाणे ते स्वयंपाक आणि दिवाबत्तीशिवाय कशालाही वापरता येत नाही. तुमच्या टाकीत ते सापडलं, तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

इंजिन आणि विम्याचा हिशोब

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू आहे. या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दशलक्ष भागांत १० भाग एवढंच ठेवलं आहे. बीएस-४ मध्ये ते ५० होतं. नव्या गाड्यांचे सायलेन्सरमधले फिल्टर आणि सेन्सर या शुद्ध डिझेलसाठी बनलेले आहेत. औद्योगिक तेलात गंधक कितीतरी पट जास्त असू शकतं. असं तेल जळत राहिलं की फिल्टर तुंबतो, इंजेक्टर खराब होतात, आणि हे भाग बदलायचे तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. वर्षभरात लिटरमागे वाचवलेले पैसे एका दुरुस्तीत जातात.

कंपनी तेलाचा नमुना तपासते आणि वॉरंटी नाकारते. आग लागून गाडी जळाली, तर विमा कंपनी इंधनाचं बिल मागू शकते आणि गाडीच्या नुकसानीचा दावा अडवू शकते. ढाब्यामागच्या तेलाचं बिल कुठून आणणार?

व्हिडिओ पाहून घरी प्रयोग

आमच्याकडून शिकून गेलेली काही मुलं आज गॅरेजमध्ये हुशार फिटर आहेत. ती मोबाईलवर परदेशी व्हिडिओ बघतात. त्यात एखादा गोरा माणूस हॉटेलचं जळकं तेल गाळून आपली जुनी डिझेल गाडी चालवतो. मुलांना वाटतं, आपणही करू. पण ब्रिटनमध्ये वर्षाला २५०० लिटरपर्यंत असं इंधन बनवणाऱ्याला करातून सूट आहे, तिथला कायदा तसा आहे. इथे तशी मोकळीक समजून चालणं घातक ठरेल. शिवाय मिथेनॉल हे विष आहे. त्याची वाफ आणि ज्वाला दोन्ही धोकादायक, आणि दिवसाच्या उजेडात त्याची ज्वाला नीट दिसतही नाही. कृपा करून घराच्या गच्चीवर किंवा गॅरेजच्या मागे हा प्रयोग करू नका.

जळक्या तेलाला मात्र कायदेशीर वाट आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये वापरलेलं खाद्यतेल गोळा करून बायोडिझेल बनवण्याचा ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी १ जुलैपासून तळणीच्या तेलातल्या घातक घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली गेली. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आहे. आपल्यात बिर्याणी हाऊस, केटरर, फरसाणवाले भरपूर आहेत. त्यांनी ते तेल गल्लीतल्या गाडीवाल्याला न देता नोंदणीकृत संकलकाला द्यावं. पैसेही मिळतात आणि तेच तेल पुन्हा कुणाच्या कढईत जात नाही.

सापडतो कोण?

महाराष्ट्राने या धंद्याचं सगळ्यात भयानक रूप पाहिलं आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. इंधनाची भेसळ रोखायला गेलेला एक प्रामाणिक अधिकारी. त्यानंतर राज्यभरातले सरकारी कर्मचारी रस्त्यावर उतरले. मनमाड, मालेगाव हा आपल्या माणसांचाच परिसर आहे, म्हणून ती आठवण आम्हाला जास्त टोचते.

एवढं होऊनही धाड पडते तेव्हा बहुतेक वेळा हाती लागतो तो ड्रायव्हर, क्लीनर किंवा नळी धरून उभा असलेला पोऱ्या. टँकर कुठून निघाला, बिल कुणाच्या नावाचं, करचुकवेगिरी कुणी केली, तिथपर्यंत तपास पोहोचायला वर्षं जातात. मग वर्तमानपत्रात त्या पोऱ्याचं नाव छापून येतं, आणि नाव आपल्यातलं असेल तर त्याचा रंगही वेगळा दिला जातो. याबद्दल आम्ही तक्रार जरूर करू. सरकारने कराची दरी कमी करावी, नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी प्रत्येक तालुक्यात मराठी-उर्दूत लावावी, मोठ्या माशांना आधी पकडावं, ही मागणी रास्तच आहे. पण तोवर आपल्या मुलाला या साखळीतली सगळ्यात कमजोर कडी होऊ न देणं आपल्याच हातात आहे.

आणि प्रश्न हलाल रोजीचाही आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढणाऱ्या आपल्या नबींनी (सल्ल.) फसवणाऱ्याला आपल्यातला मानलं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते धान्याला लागू आहे तसं तेलालाही आहे.

मग करायचं काय?

पक्कं बिल आणि जीएसटी क्रमांक असल्याशिवाय कुठलंही बायोडिझेल घेऊ नका. विक्रेत्याच्या नोंदणीचा कागद बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पक्की जागा नसलेल्या, रात्री टँकरमधून विकणाऱ्याकडे जाऊच नका. सीएनजी करायचं असेल तर मंजूर किट, अधिकृत केंद्र आणि आरसी बुकावर नोंद, या तिन्ही गोष्टी करा.

ट्रकवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाडीच्या जप्तीआधी मालकाला नोटीस द्यावी लागते. मालकाला, त्याच्या माणसाला आणि ड्रायव्हरला मालाची खरी माहिती नव्हती, आणि तिघांनीही पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध झालं तर गाडी जप्त करता येत नाही. जप्तीचा आदेश झालाच तर एका महिन्याच्या आत अपील करता येतं. म्हणून बिल्टी, चलन, लोडिंगची पावती सगळं सांभाळा. नोटीस आली की दलालाकडे न जाता वकिलाकडे जा. परिस्थिती नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर आपले ट्रकवाले, टेम्पोवाले, फिटर सगळे भेटतात. तिथे हा विषय दहा मिनिटं निघाला, तरी एखाद्या घराची गाडी आणि एखाद्या आईचा मुलगा वाचेल.