परसातील हिरवळ आणि मातीचा हक्क

पुण्यामुंबईत किंवा परदेशात नोकरीनिमित्त राहणारी आपली मुले गावाकडील जुन्या वाड्याच्या जागी नवे घर बांधतात, तेव्हा परसाचा आराखडाही तेच ठरवतात. पूर्वी तेथे आड, तुळशीवृंदावन, कढीलिंब आणि धुण्याचा दगड असे. आता काही घरांच्या नकाशात कृत्रिम हिरवळीचे ‘पुटिंग ग्रीन’ दिसू लागले आहे. गोल्फमधील शेवटचा, चेंडू हलकेच ढकलून खळगीत घालण्याचा जो भाग, त्याच्या सरावाची ही जागा. निवृत्त वडिलांना चार पावले चालणे होईल, नातवंडांना खेळ मिळेल, हा त्यामागील हेतू चांगलाच आहे. परंतु धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा निर्णय केवळ शोभेचा राहत नाही. त्याचा संबंध पाण्याशी आणि मातीशी येतो.

कृत्रिम गवताची कथा १९६०च्या दशकातील अमेरिकेतली. ह्यूस्टन शहरातील छत असलेल्या भव्य क्रीडागारात सूर्यप्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, म्हणून छताच्या पारदर्शक तावदानांना रंग देण्यात आला आणि आतील खरे गवत मेले. १९६६ मध्ये तेथे नायलॉनचे गवत अंथरले गेले आणि ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव जगभर पोहोचले. खऱ्या गवताला ऊन न मिळाल्याने नावारूपाला आलेली ही वस्तू आज आपल्या रखरखीत उन्हात येऊन पडते आहे.

तिचे समर्थक पाण्याचा मुद्दा मांडतात, आणि तो खरा आहे. दहा फूट रुंद व तीस फूट लांब, म्हणजे तीनशे चौरस फुटांची जागा घेऊ. तेथे खरी हिरवळ राखायची तर कडक उन्हाळ्यात दर चौरस मीटरला सुमारे पाच लिटर, म्हणजे रोज सुमारे १४० लिटर पाणी लागेल. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरमाणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरविले आहे. त्या हिशेबाने अडीच माणसांचे पाणी गवत पिऊन टाकते. शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते दिवस पाहिलेल्या माणसाला खऱ्या हिरवळीचा हट्ट धरवणार नाही. शिवाय कृत्रिम गवताला कापणी नको, कीटकनाशकाची फवारणी नको.

येथपर्यंत सारे पटते. मात्र हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट गालिचा अंथरला तर वर्षभरात उंचवटे येतात आणि चेंडू सरळ जात नाही. म्हणून वरची माती काढून मुरूम पसरावा लागतो, तो पाणी मारून दाबावा लागतो, त्यावर खडी, मग क्रशरची बारीक कच, आणि शेवटी गवत. केवळ सहा इंच खोदले तरी तीनशे चौरस फुटांतून दीड ब्रास माती निघते. जिवंत, पिकती माती हीच असते. गांडुळे, मुंग्या आणि असंख्य सूक्ष्म जीव यांचे ते घर असते. वर प्लास्टिक आले की पालापाचोळा मातीत मिसळण्याची वाट बंद होते.

उष्णतेचे काय? तापलेल्या उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. अनवाणी चालणाऱ्या घरात दुपारी तेथे पाऊल ठेवणे अशक्य. ते थंड करण्यासाठी पाणी शिंपडू लागलो, तर वाचविलेले पाणी पुन्हा तेथेच गेले. हे गवत काही वर्षांनी झिजते, त्याचे तंतू तुटून मातीत मिसळतात, आणि जीर्ण गालिच्याचा पुनर्वापर करणारी सोय आपल्या गावात सहसा नसते. काही मैदानांत भराव म्हणून रबराचे दाणे घालतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंधाचा नियम केला असून मैदानांना बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे.

गृहस्थाच्या व्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे. प्रयोजनावाचून घडणारी हिंसा टाळावी, असा तिचा आशय. खेळाला येथे दोष नाही. प्रश्न एवढाच, की त्या खेळासाठी जिवंत माती झाकण्याचे प्रयोजन आहे काय?

बहुतेक घरांत उत्तर सोपे निघते. ज्या जागेवर आधीच फरशी किंवा काँक्रीट आहे, तेथे हा गालिचा अंथरावा. घरामागील फरसबंद पट्टी किंवा गच्ची त्यासाठी पुरेशी असते. खोदकाम वाचते आणि पाया पक्का मिळतो. गच्चीवर मात्र पाण्याचा उतार व गळती आधी तपासून घ्यावी. गवत आखूड, दाट, साधारण अर्ध्या इंचाचे निवडावे. बागेचे लांब गवत चेंडू अडवते. भरावासाठी रबर नको, सिलिका वाळू चालते. खळगीचा व्यास सव्वाचार इंच असतो, पण फरशीत खळगी खोदता येत नाही. तेथे सरावासाठी खळगीचा उथळ साचा वर ठेवला तरी भागते.

मातीवरच करायचे असेल, तर खोदकाम पावसाळ्यात करू नये. तेव्हा वरच्या थरात जीवांची वर्दळ मोठी असते. निघालेली माती फेकू नये, ती आंबा-लिंबाच्या आळ्यात घालावी. तणनाशक न मारता खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. उतार शोषखड्ड्याकडे काढावा. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एवढ्या जागेवर जवळजवळ वीस हजार लिटर पाणी पडते. त्यातील बराचसा भाग जमिनीत मुरविता येईल.

प्लास्टिकही नको असेल, तर आणखी एक जुनी वाट आहे. भारतातील कोरड्या प्रदेशांतल्या अनेक गोल्फ मैदानांवर हिरवळीऐवजी दाबून सपाट केलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत. खेळणारे त्यावरही तितक्याच गोडीने खेळले. ज्या मातीचा रंगच तपकिरी-काळा आहे, तिच्या परसात खेळाची जागाही तपकिरी असली, तर बिघडले कोठे?

मुलांनी नकाशा पाठविला की आई-वडिलांनी तो नाकारू नये, आणि निमूटपणे स्वीकारूही नये. परसाचा कोणता कोपरा आधीच झाकलेला आहे, हे त्यांना दाखवावे. खेळ तेथे मांडावा, आणि उरलेली माती उघडी राहू द्यावी.